दमावर ठेवलेलं ऊन

पेनावर दोनशे बारा आलं. मी पेन झटकलं, ओढणीला पुसलं आणि पुन्हा बुडवलं. दोनशे बारा. हे लिहायचं पेन नाही. पाण्यात बुडवलं की त्यात क्षार किती विरघळलेत ते आकड्यात सांगतं, बोटाएवढं, पिवळ्या टोपणाचं. पाण्याचे फिल्टर बसवणारे लोक खिशाला लावून फिरतात तसलं. अब्बांनी ते मला दिवाळीच्या सुट्टीत आणून दिलं आणि तेव्हापासून आमच्या घरात असं काहीही पातळ राहिलं नाही ज्यात मी ते बुडवलेलं नाही. चहा, शोरबा, भाताची पेज, शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची वाटी. नळाचं पाणी दोनशेच्या आसपास असतं. समुद्र मात्र त्याला झेपत नाही, समुद्रात घातलं की ते हात टेकतं आणि आकड्याच्या जागी नुसत्या चार रेघा दाखवतं. त्या चार रेघा बघायला मला इतकं आवडायचं की मी रोज गच्चीवर जाऊन समुद्राचं पाणी ठेवलेल्या कॅनचं झाकण उघडून एकदा तरी त्या बघून यायचे, कुणीतरी आपल्यापुढे हरतंय असं वाटायचं. आणि आता, अठ्ठावीस फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सकाळी सात वाजता, शाळेत प्रदर्शनाला निघायच्या तासभर आधी, त्याच कॅनमध्ये दोनशे बारा. म्हणजे माझा समुद्र रात्रीत गोड झाला होता, आपोआप, पाणी गोडं करायच्या माझ्या यंत्राशिवाय. खरं सांगते, पहिला क्षणभर मला आनंदच झाला. माणूस किती मूर्ख असू शकतं हे त्या एका क्षणाला बाटलीत भरून ठेवलं असतं तर कळलं असतं. जिभेला लावून खात्री करावी तर दहावा रोजा चालू, पहाटेची सहरी खाऊन दीड तास झालेला. मी कॅनमध्ये नाक घातलं. बंदराचा वास नव्हता. नुसता प्लास्टिकचा.

"अम्मी, निळ्या झाकणाचा कॅन तू हलवलास?"

"हलवला न्हाई, भरला," अम्मी ओट्यापाशी पाठमोरी होती. "काल नळ आल्ता ना. समदेच भरले."

"आणि आत होतं ते?"

"शिळं हुतं ते. वास मारत हुता. मेंदीला घातलं."

आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अम्मी घरातलं प्रत्येक भांडं रिकामं करते, राखेनं नाहीतर साबणानं आतून फिरवते, विसळते, मगच ताजं भरते. शिळं पाणी राहू देणं यापेक्षा मोठा गुन्हा तिच्या लेखी नाही, आणि रमजानात तर नाहीच, इफ्तारला कोण कधी येऊन बसेल सांगता येत नाही. सहा कॅन एका ओळीत, सारखे, वीस-वीस लिटरचे. सातवा काल मीच गच्चीवरून खाली आणून त्या ओळीत ठेवला होता, सकाळी रिक्षात टाकायला सोपा जावा म्हणून. मीच. मग ती आली असणार, झाकणं उघडत, ओतत, विसळत, भरत, आणि मधल्या कुठल्यातरी मिनिटात आठ लिटर अरबी समुद्र आमच्या दारातल्या अर्ध्या ड्रमात लावलेल्या मेंदीच्या मुळाशी गेला. मी दाराशी जाऊन पाहिलं. मेंदीची पानं खाली मान घालून उभी होती, वर्गात बोलणी खाल्लेल्या मुलांसारखी.

"अगं, तो समुद्र होता!" मी ओरडले. "अब्बांनी आणलेला! आज प्रदर्शन आहे माझं!"

अम्मी वळली. तिच्या हातात पीठ होतं. "तो वर हुता ना गच्चीवर? मला काय म्हाईत खाली आलाय..."

आणि मी बोलले. अजून ते वाक्य माझ्या तोंडात आहे, बोराच्या बीसारखं, गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. मी म्हणाले, "तुला पाण्यातलं काय कळतं?"

अम्मीनं पदर ओठांवर घेतला. रागानं नाही, तशी ती कायमच घेते. हसताना, खाताना, फोटो काढताना, दळण टाकायला गेल्यावर कुणी काही विचारलं तर. तिचे दात तपकिरी आहेत, आडव्या पट्ट्या असलेले, वाळलेल्या उसाच्या कांड्यासारखे. ती पूर्वेकडच्या गावातली, तिकडे आजोळी अजूनही विहिरीचं पाणी पिऊन बघा, जीभ आखडते. तसलं पाणी पिऊन तिचं लहानपण गेलं आणि दुधाचे पडून जे नवे दात आले ते असे आले. आणि मी तिला म्हणाले की तुला पाण्यातलं काय कळतं.

ते आठ लिटर म्हणजे काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अब्बा, म्हणजे चांदभाई, मासळीचं पिकअप चालवतात. बंदरावर पहाटे लिलाव होतो, तिथून बर्फात घातलेली सुरमई, बांगडा, मांदेली भरून माळशेज चढून आळेफाटा, टाकळी ढोकेश्वर करत नगरला आणतात. नगरपासून समुद्र इतका लांब आहे की आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी तो फक्त मोबाईलमध्ये पाहिलाय. मी सात वर्षांची असताना अब्बा मला एकदा घेऊन गेले होते. मला वाटलं होतं हे एक तळंच आहे, फक्त थांबायचं विसरलेलं. पण समुद्र आमच्या घरी रोज यायचा, अब्बांच्या शर्टात, गाडीच्या चाव्यांना, माझ्या दप्तराच्या पट्ट्याला. पाचवीत जया माझ्या मागच्या बाकावर होती. मी वर्गात आले की ती नाक धरून म्हणायची, "भरती आली रे, खिडक्या उघडा!" आणि सगळी पोरं खरंच उघडायची. खिडक्यांच्या त्या कड्यांचा आवाज. अजूनही कुठे कडी वाजली की माझ्या कानांच्या पाळ्या तापतात. मी शेवटच्या बाकावर गेले, खिडकीशीच, म्हणजे उघडायला कुणाला उठायला नको. आणि बोलणं बंद केलं. कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं. तोंड उघडलं की वास येईल असं मला वाटायचं, म्हणजे माशांचा नव्हे, माझाच. चार वर्षं मी वर्गात 'हजर' सोडून काही बोलले नसेन. आता मागे वळून बघते तेव्हा ती मुलगी मला लांबून दिसते, रस्त्याच्या पलीकडे उभी असलेली, आणि मला तिला हाक मारावीशी वाटते, ए, इकडे ये, गाड्या थांबल्यात.

नववीतल्या ऑक्टोबरात भागवत सरांनी विचारलं की समुद्र खारा, मग त्याचा पाऊस गोडा कसा? कुणीच हात वर केला नाही. माझाही वर नव्हता, तो आपोआप गेला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "सर, पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. आमच्या पिकअपच्या फळीवर रोज दिसतं." कारण खरंच दिसतं. अब्बा मासळी उतरवून गाडी उन्हात लावतात, फळीवर सांडलेलं खारं पाणी दुपारपर्यंत नाहीसं होतं आणि तिथे पांढरी साय उरते, बोटानं खरवडता येते. मी लहानपणी त्यावर नाव लिहायचे. सर खडू हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुझ्या घरी दारात पाऊस पडतो की गं, उलटा," ते म्हणाले. "उद्यापासून पुढच्या बाकावर." बस, इतकंच. पण त्या दिवसापासून माझं तोंड जे सुटलं ते सुटलंच, अम्मी म्हणते हिची टाकी फुटली. आणि मग मला ते पांढऱ्या सायीतून उडून गेलेलं पाणी हवंसं वाटायला लागलं. ते जातं कुठे? मधेच पकडलं तर? ऊन तर नगरला फुकट, ढीगभर, कुणी न्यायला तयार नाही एवढं. मी भर वर्गात सांगून टाकलं, विज्ञान दिनाला तुम्हाला समुद्र पाजीन. खरा. जया म्हणाली, "भरती पाजणार म्हणे!" पण या वेळी खिडक्या कुणी उघडल्या नाहीत. अब्बांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना खोकला लागला, पण पुढच्याच खेपेला होडीवाल्याला सांगून काठावरचं तेलकट नव्हे, आतलं पाणी आणलं, कॅनच्या मुठीला दोरी बांधून. "ये ले बेटा, तेरा समंदर. संभाल के, लाटा हैं इसमें."

पेटी मासळीच्याच थर्माकोलची. अब्बांकडे पडून असतात तसली. आत काळा रंग दिला तर काळं पृष्ठ ऊन खातं, एवढं पुस्तकात होतं. रंगातलं थिनर थर्माकोल खातं हे पुस्तकात नव्हतं. पहिली पेटी माझ्या डोळ्यांदेखत खड्डे पडत विरघळली, चेहरा वितळावा तशी, मी हसत सुटले आणि मग रडले. दुसरीत काळा रंगवलेला पत्र्याचा ट्रे ठेवला, त्यात खारं पाणी, वर शोकेसची काच तिरपी. वाफ उठते, काचेला आतून थंड होऊन थेंब धरते, थेंब उतारानं घसरतात, खालच्या कडेला उभी चिरलेली नळी पन्हळीसारखी लावली आहे तिच्यात पडतात, तिथून बाहेर बाटलीत. सांगायला एवढंच. पण काच आणि पेटी यांच्यामधून वाफ पळायची. एमसील लावलं, निघालं. चिकटपट्टी लावली, उन्हात सुटली. एके दिवशी अम्मी गच्चीवर वाळवण बघायला आली, उकिडवी बसून बराच वेळ पेटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दम निघून चाललाय याचा." खाली जाऊन कणकेचा गोळा घेऊन आली. बिर्याणीच्या पातेल्याला झाकणाभोवती लावतात तशी तिनं काचेच्या चारही कडांना कणीक लावली, अंगठ्यानं दाबत, एक श्वासही बाहेर जाऊ न देता. "आता ठेव दमावर." त्या दिवशी संध्याकाळी बाटलीत पहिल्यांदा तीन बोटं पाणी होतं. त्याला मासळीचा वास होता, कबूल, खायच्या सोड्यानं पेटी चारदा धुवावी लागली. पण तीन बोटं. पेनावर एकोणीस.

तीच अम्मी. तिलाच मी ते म्हणाले.

मी अब्बांना फोन लावला. गाडी घाट चढून वर आली होती. "समंदर तो पीछे रह गया, बेटा," त्यांचा आवाज वाऱ्यात तुटत होता. "बर्फ का पाणी है मछली का, चलेगा?" मी फोन ठेवला. ओट्यावर मिठाची पुडी होती. हा विचार मला सुचला असं म्हणता येणार नाही, तो तिथे बसलेलाच होता, पुडीच्या शेजारी. एका लिटरला पस्तीस ग्रॅम. पेनाला कळणार नाही, ते चार रेघा दाखवील. सरांना कळणार नाही. यंत्राला तर मीठ कुठलं हे विचारायचीच सवय नाही. मी पुडी फोडली. आणि हात थांबला, कारण मला एकदम तो शब्द आठवला. 'खरा.' मी वर्गात म्हणाले होते, खरा समुद्र. चार वर्षं गप्प राहून जे पहिलं मोठं वाक्य मी बोलले ते मी आता ओट्यापाशी उभी राहून चमच्यानं खोटं करणार होते. पोट रिकामं होतं, सकाळचं ऊन खिडकीतून पुडीवर पडलं होतं आणि मीठ चमकत होतं, मला त्या चमकण्याचीच लाज वाटली.

"खारं पानी पायजे ना तुला?" अम्मी मागून म्हणाली. पदर अजून ओठांवरच. "मग हापशाचं घे की. त्याला काय समिंद्राचंच पायजे?"

गल्लीच्या तोंडाला हापसा आहे. त्याचं पाणी कुणी पीत नाही, धुण्याला घेतलं तर साबण फेसच धरत नाही, बादलीच्या कडेला पांढरं कडं बसतं. मी त्याच्यावरून रोज दोनदा जाते. मी माझं पेन कोंबड्यांच्या वाटीत बुडवलं होतं, हापशात कधीच नाही. अम्मी माझ्याआधी तिथे पोचली होती, दांड्याला लटकून हापसत होती, पाठीची कमान वर-खाली, वर-खाली, बाई असं हापसते तेव्हा ती किती लहान वयापासून ते करत आली आहे ते दिसतं. पाणी आलं. मी पेन घातलं. दोन हजार नऊशे चाळीस. चार रेघा नाहीत, पण हा आकडा मला समुद्रापेक्षा मोठा वाटला. समुद्र आणायला अब्बांना सह्याद्री ओलांडावा लागला आणि हे तीस पावलांवर होतं, आमच्या पायांखाली, कायमचं. मला अम्मीला काहीतरी म्हणायचं होतं. तिनं कॅन भरला, झाकण घट्ट केलं आणि मळलेल्या कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. "नीट दाब. घाई करू नको," एवढंच म्हणाली.

रिक्षात पेटी मांडीवर, कॅन पायांत. रिक्षावाले कानिफनाथ काका आरशातून बघत होते. "काय माल हाय म्हनायचा पेटीत? पापलेट?" "ऊन आहे, काका." "व्हय का? मग जपून धर, सांडंल." माळीवाड्याच्या गर्दीत ब्रेक लागला तेव्हा मी पेटीवर अशी ओणवी झाले जशी काही आत कुणाचं तरी बाळ आहे. काचेत माझाच चेहरा दिसत होता, ओठ कोरडे, आणि मी स्वतःशीच ते बी पुन्हा चघळत होते, तुला पाण्यातलं काय कळतं, पाण्यातलं, काय कळतं.

शाळेत बाकीच्यांचे प्रयोग हॉलमध्ये, माझा बाहेर मैदानात, टेबलावर, कारण मला विजेचं बटण नको होतं. भागवत सर धावत आले. "समुद्र आणलास ना? पाहुण्यांना मी सांगून बसलोय, आमची एक मुलगी समुद्र पाजणार आहे." मी म्हणाले, "सर, समुद्र अम्मीनं मेंदीला घातला." सरांनी डोळे मिटले. मग हळूच, इकडे-तिकडे बघत, "मीठ टाक की थोडं. कुणाला कळतंय?" मी मोठ्यानं हसले. सकाळचा माझाच विचार सरांच्या तोंडून, चष्म्यासकट! "मला कळतंय ना, सर," मी म्हणाले, आणि मार्कर घेऊन तक्त्यावरचं 'समुद्राचं' खोडलं आणि वर लिहिलं 'आमच्या हापशाचं'. आता तो असा दिसत होता: सूर्याच्या उष्णतेवर आमच्या हापशाचं पाणी गोड करणे. सर म्हणाले, "अगं पण यात ते भव्य काही राहिलं नाही." मी कणीक लावत होते. अंगठ्यानं, घाई न करता.

साडेनऊला काच बसवली. परीक्षक दीडला येणार होत्या. पहिला तास काहीच नाही. दुसऱ्या तासात काचेला आतून धुकं आलं, मग धुक्याचे दाणे झाले, दाण्यांना वजन आलं. एक थेंब सुटला, वाटेत दुसऱ्याला घेऊन घसरत गेला आणि पन्हळीत दिसेनासा झाला. मी श्वास धरून बसले होते. रोज्यात पाण्याकडे इतका वेळ कधी बघू नये, ते बोलायला लागतं. टप. मग बराच वेळ काही नाही. टप. माझ्या टाळूला जीभ चिकटत होती आणि बाटलीच्या तळाशी पाणी जमत होतं, जसं काही माझ्यातलंच काढून कुणी तिकडे ठेवतंय. बाराच्या सुमारास लिंबाची सावली सरकत टेबलावर आली. ट्रेमध्ये चार लिटर खारं पाणी काठोकाठ. हलवताना एक लाट जरी पन्हळीत उडाली तर तोवरचं सगळं वाया, आणि सावलीत ठेवलं तरी वाया. मी एका बाजूनं टेबल धरलं. दुसरी बाजू मैदानाच्या टोकाइतकी लांब होती.

"उचल म्हणलं की उचल," कुणीतरी म्हणालं. जया. तिचं मुळा धरणाचं मॉडेल हॉलमध्ये होतं, त्याला गळती लागली होती म्हणून ती फडकं शोधत बाहेर आली होती. तिनं दुसरी बाजू धरली. "हळू. डाव्या पायानं. माझ्याकडे बघू नको, पाण्याकडे बघ." आम्ही दोघी वरातीतल्यासारख्या पाऊल-पाऊल करत उन्हात गेलो. काचेखाली पाणी थरथरलं, काठाशी आलं, मागं गेलं. टेबल टेकल्यावर दोघींनी एकदमच श्वास सोडला. ती पेटीकडे बघत राहिली. थर्माकोलवर बाजूला अजून निळ्या शाईत 'सुरमई' लिहिलेलं होतं. ती ते वाचत होती हे मला दिसलं आणि मी वाट बघितली. जुनी सवय, पोटात खिडकीची कडी वाजते ती. पण ती म्हणाली, "ही कणीक आहे का? खरी?"

"दम दिलाय," मी म्हणाले.

परीक्षक बाई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेल्या होत्या, पायात बूट, केस आखूड, आणि पर्समध्ये माझ्यासारखंच पेन! माझ्या पेनाचं हे मोठं भावंड होतं, राखाडी. त्यांनी तक्ता वाचला, खोडलेला शब्द वाचला. "समुद्राचं काय झालं?" मी सगळं सांगितलं, मेंदीसकट, मीठ टाकायचं मनात आलं होतं तेही सांगितलं, भागवत सर आभाळाकडे बघत होते. मग हापशाच्या कॅनमध्ये त्यांनी पेन घातलं: दोन हजार नऊशे वीस. बाटलीतल्या पाण्यात घातलं: बारा. माझ्या पेनानं अकरा दाखवलं. दोन पेनं, एकाच उत्तरावर! पाठीमागे गर्दी जमली होती, कुणीतरी शिट्टी मारली. बाईंनी पाणी काचेच्या ग्लासात ओतलं, अर्धा ग्लास भरला. मी चार तास त्याच्याकडे बघत होते आणि ते इतकं कमी आणि इतकं स्वच्छ होतं की ग्लास रिकामाच वाटत होता. "माझा एक नियम आहे," त्या म्हणाल्या. "जो पाणी बनवतो त्यानं आधी प्यायचं. मग मी."

त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला. "माझा रोजा आहे, मॅडम." मागे कुणीतरी हसून म्हणालं, "बघ, घाबरली." मी ऐकलं. ते चार वर्षांपूर्वीचंच हसू होतं, आता ते पसरणार, मग खिडक्या. बाईंचाही हात तसाच राहिला होता, त्यांना ते कळलं होतं पण नियम बोलून बसल्या होत्या. आणि तेवढ्यात जयानं पुढे होऊन ग्लास घेतला. "टेबल मीपण उचललंय," ती म्हणाली. "मी पिते." तिनं आधी ग्लास नाकाशी नेला. सगळ्या शाळेसमोर, सावकाश, त्याच नाकाशी जे ती धरायची. मी तिच्या नाकपुड्या बघत होते. मग तिनं दोन घोट घेतले.

"वास येतोय?" मी विचारलं. मला विचारायचंच होतं.

"कसला?"

"तुला माहितीये कसला."

जया लाल झाली. मग म्हणाली, "नाही येत." आणि जरा थांबून, "यायला पाहिजे होता का?" सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. आणि त्या हसण्यात मला कळलं की मी तोंड पूर्ण उघडून हसतेय आणि कुठलीच कडी वाजली नाही. बाईंनी उरलेलं पाणी पिऊन ग्लास उलटा करून दाखवला. निकाल चारला लागला. पहिला नंबर, पुढच्या फेरीला निवड. भागवत सर ज्याला त्याला सांगत होते की समुद्र कुणीही आणेल हो, हापसा आणायला डोकं लागतं. पण मी टाळ्यांच्या वेळीही पेटीपाशीच होते. पेटी मी हलवू दिली नव्हती. पाचपर्यंत ऊन होतं आणि मला अजून एक बाटली भरायची होती.

अब्बा पिकअप घेऊन न्यायला आले. फळीवर पेटी, पेटीशेजारी मी, छातीशी बाटली, वाऱ्यात बर्फाचा आणि बांगड्यांचा वास, आणि मी शाळेसमोरून तशीच उभी गेले, धरायला काही नसताना. घरी अम्मीनं मेंदीला बादल्यामागून बादल्या ओतून दारात चिखल केला होता. सगळीच पानं काही उठली नव्हती, पण वरची चार-पाच सरळ दिसत होती. मी प्रमाणपत्र दाखवलं. तिनं हात पुसून ते धरलं, उलटंसुलटं केलं, परत दिलं. आम्ही इफ्तारला दस्तरखान अंथरून बसलो. ऊन भिंतीवरून वर चढत गेलं आणि गच्चीच्या कठड्यावरून नाहीसं झालं. मशिदीतून अजान आली तेव्हा मी ग्लास अम्मीपुढे केला. दिवसभराचं ऊन, भरून.

"तू पी आधी. तूच केलंस," ती म्हणाली.

"तू हापसलंस. नियम आहे. ज्यानं बनवलं त्यानं आधी."

तिनं खजूर तोंडात टाकला, दुआ पुटपुटली आणि पाणी प्यायली. एक घोट. मग थांबून ग्लासात बघितलं. दुसरा. मी तिच्या गळ्याकडे बघत होते, पाणी खाली जाताना दिसतं का ते. सकाळचं वाक्य माझ्या दातांमागे उभं होतं.

"अम्मी, मी सकाळी जे..."

"याला काहीच चव न्हाई गं," अम्मी म्हणाली.

"पाण्याला चव नसतेच, अम्मी."

"नसती?" तिनं माझ्याकडे बघितलं, मग अब्बांकडे, आम्ही दोघांनी मिळून तिची थट्टा चालवल्यासारखं. "येवढं वय झालं, मला कुनी सांगितलंच न्हाई!" आणि ती हसायला लागली, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, तपकिरी पट्ट्यांचे सगळे दात दिसत होते, वरचे, खालचे. पदर खांद्यावरून घसरला तो तिनं तसाच राहू दिला, आणि ग्लास पुन्हा माझ्यापुढे केला.